भोसरीतला समुद्र

पुण्याला समुद्र नाही.
म्हणून आम्ही तो पेटीत ठेवलाय,
शेडच्या कोपऱ्यात, कंप्रेसरला लागून:
शंभराला पाच मीठ, पस्तीस अंश ऊब,
बाकी सगळं धुकं.
झाकणाच्या आतून पाणी ओघळतं
आणि मी रजिस्टरात तास लिहिते.

माझं आडनाव करडे. आमचा थरही करडाच.
नवी पोरं एकदा हसतात, मग विसरतात.
तांबट आळीत आमच्याकडे दिवसभर ठोके पडायचे,
मी आले बिनआवाजाच्या धंद्यात.
इथे धातूला कुणी मारत नाही.
त्याला उकळत्या टाकीत सोडतात
आणि वाट बघतात.

या महिन्यात रायफलींच्या नळ्या आल्यात,
कुठल्याशा शस्त्रागारातून, जुन्या,
निळाई उडालेल्या.
उघड्या राहिलेल्या भागावर गंज कमीच,
पण लाकडी दस्त्याखाली, जिथे कुणी बघत नव्हतं,
तिथे नुसते खड्डे.
चलनावर लिहिलंय: पार्ट, एकशे बारा नग.
चहावाला विचारतो, सध्या काय चाललंय?
मी म्हणते, पाइप.

फॉस्फेटची टाकी इमामभाई नदाफांची.
थर्मामीटरच्या आधी त्यांना कळतं.
बुडबुडे पहिल्यांदा चिडतात, मग दमतात,
मग एखाद-दुसरा, उगाच.
“भरलं पोट,” म्हणतात, आणि जाळी वर घेतात.
नळी बाहेर येते
ओल्या फडक्यानं पुसलेल्या पाटीसारखी.
पुढे गरम पाणी, पुढे तेल.
तेल तर तो थर पितच राहतो,
शिळी भाकरी कालवण पिते तसं.

फक्त कोऱ्या धातूला त्यांनी हात लावायचा नाही.
काही माणसांच्या घामातच गंज असतो.
वीस वर्षांमागे त्यांच्या बोटांनी
अख्खी बॅच परत आली होती म्हणे.
तेव्हापासून हातमोजे, दोन-दोन,
घड्याळाला प्लॅस्टिकचा पट्टा,
आणि घरी बायकोच्या शिवणाच्या डब्याला
ते शिवत नाहीत.

मंगळवारी, अठ्ठेचाळीस तासांनी, पेटी उघडली.
पाच नमुने स्वच्छ.
सहाव्यावर अंगठा.
अख्खा. चक्र, रेषा,
मधून आडवा गेलेला जुना काप.
तांबडा, रेशनच्या दुकानात
आत्ताच कुणी उठवून गेल्यासारखा.

मी इमामभाईंकडे पाहिलं.
ते स्वतःच्या अंगठ्याकडे बघत होते.
“मोजा फाटला होता. ही जाळीत तिरकी बसली होती.
सरळ केली.”
बाकी काही नाही बोलले.
कंप्रेसर भरला, बंद पडला,
परत सुरू झाला.

नापास लिहावं लागलं.
कारण: हाताळणी.
नावाला रकाना नाही, बरंच झालं.
बाकी रकाने पुष्कळ: तास, तापमान, मिठाचं प्रमाण,
कडेचा गंज, मधला गंज, शेरा.
ही नळी कुणाकडे रोखलेली होती,
पुढे कुणाकडे असेल,
त्याचा कुठे आहे का म्हणून
मी दोन पानं मागे उलटून पाहिली.
मग जेवणाची घंटा झाली.
डब्यात गवार होती.

दुपारी नळी पुन्हा आम्लात.
ठसा जाईपर्यंत इमामभाई बाजूला उभे होते,
दोन्ही हात पाठीमागे,
वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखे.
मग नवे मोजे घातले,
मनगटापाशी दोरीनं बांधून घेतले माझ्याकडून.
मी दुहेरी गाठ मारली.
“घट्ट नको,” म्हणाले, “रात्री सोडवायला कुणी नसतं.”

सुटल्यावर नाशिक फाट्यापर्यंत बसमध्ये उभीच होते.
उतरताना, कधी नाही ते,
जिथे दांडा धरला होता तिथे वळून पाहिलं.
काही नव्हतं.
दांडा स्टेनलेसचा.